कात्र-व्हँ-दीझ्वीत म्हणजे अठ्ठ्याण्णव: फोनवरचे फ्रेंच आकडे आणि एक विद्यार्थिनी

पार्श्वभूमी

मी पुण्यातून ऑनलाइन फ्रेंच शिकवते, बरीच वर्षं झाली. हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे, तिला विचारूनच लिहितेय, फक्त नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला आपण मेघा म्हणू.

मेघा नगर जिल्ह्यातल्या एका गावातली. चौथीपर्यंत झेडपीच्या मराठी शाळेत, मग तालुक्याला इंग्रजी मीडियम, मग पुण्यात इंजिनिअरिंग. मास्टर्ससाठी फ्रान्समध्ये लिऑनला गेली. जाण्याआधी माझ्याकडे वर्षभर शिकली, डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए टू पातळी चांगल्या मार्कांनी पास झाली. एक ते शंभर आकडे तिला तोंडपाठ होते, अंकलिपी म्हणून दाखवावी तसे धडाधड म्हणायची, त्यामुळे आकड्यांचं काम झालं असं मी धरून चालले होते. हे धरून चालणंच पुढे नडलं.

फ्रान्समध्ये बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ९६४ तासांपर्यंत काम करता येतं. मेघाला ऑक्टोबरमध्ये घराजवळच्या एका बुलाँजरीत, म्हणजे पावाच्या बेकरीत, काम मिळालं. आधी फक्त पाव भरून देणं, मग काउंटर, आणि डिसेंबर आला तसं फोन घेणं. नाताळात तिकडे ब्युश नावाचा लाकडाच्या ओंडक्यासारखा केक असतो आणि त्याच्या ऑर्डरी आधीपासून फोनवर येतात. नाव, किती जणांसाठी, कोणत्या दिवशी किती वाजता नेणार, आणि फोन नंबर, एवढंच चिठ्ठीवर लिहायचं. वाक्यं तिला जमत होती, गडबड झाली ती आकड्यांत.

नेमकं काय झालं

नाताळच्या चार-पाच दिवस आधी एका बाईंनी फोनवर ऑर्डर दिली. मेघानं चिठ्ठी लिहिली, फोन ठेवला आणि मग चिठ्ठीकडे बघून तिच्या पोटात गोळा आला. तिनं मला चिठ्ठीचा फोटो पाठवला होता. खरा नंबर इथे देत नाही. फ्रान्समध्ये ०६ ३९ ९८ नं सुरू होणारे नंबर सिनेमा-मालिकांसाठी राखून ठेवलेत, त्यातलाच एक घेऊन तसंच लिहून दाखवते:

०६ ३९ ४ २० १८ ६० १६

आणि पुढे अजून चार आकडे. फ्रान्समध्ये १९९६ पासून फोन नंबर दहा आकडी आहे आणि तो पाच जोड्यांत सांगतात. हिच्या चिठ्ठीवर भरले सतरा आकडे.

बाईंनी सांगितलं होतं ते सरळ होतं. "कात्र-व्हँ-दीझ्वीत", म्हणजे ९८. कात्र म्हणजे चार, व्हँ म्हणजे वीस, दीझ्वीत म्हणजे अठरा. (झ सगळीकडे झाडातला वाचा.) मेघानं कात्र ऐकलं की ४ लिहिला, व्हँ ऐकलं की २०, मग १८. पुढे "स्वासाँत-सेझ", म्हणजे साठ-सोळा, ७६. तिनं ६० लिहिलं, मग १६.

चिठ्ठी समोर असल्यावर हे मागून जुळवता येतं, तिनं जुळवलंही. पण शेवटच्या चार आकड्यांत तिनं खाडाखोड करून ठेवली होती आणि तिथे काही जुळेना. बाई केक न्यायला स्वतः आल्या म्हणून निभावलं. पण त्याच आठवड्यात अजून दोन चिठ्ठ्या चुकल्या आणि मालकीणबाईंनी, न ओरडता पण स्पष्ट, सांगितलं की तू फोन घेऊ नकोस, काउंटरच बघ. फोनचं काम सकाळच्या शिफ्टला असायचं, ते गेलं तसे तिचे तासही कमी झाले. लिऑनचं भाडं भरणाऱ्या मुलीला तास कमी होणं म्हणजे काय हे तिकडे राहिलेल्याला सांगायला नको.

अडचण कुठे होती असं आम्हाला वाटलं

तिनं मला रात्री फोन केला, रडवेली झाली होती. "मॅडम, हे लोक नंबर सांगतात की गणित घालतात?" हे वाक्य मी शिकवायला लागल्यापासून ऐकत आलेय. आणि खरंच, सत्तरला फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये स्वतंत्र शब्द नाही, साठ-दहा म्हणतात. ऐंशी म्हणजे चार-वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ.

हे कुणी मुद्दाम अवघड करून ठेवलेलं नाही. मध्ययुगात फ्रान्समध्ये विसाच्या हिशोबानं मोजायची पद्धत होती, साठाला तीन-वीस म्हणत, एकशेवीसला सहा-वीस. गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून ती आली असं बरेच जण मानतात, पण त्यावर सगळ्यांचं एकमत नाही. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक हॉस्पिटल आहे, कँझ-व्हँ, म्हणजे पंधरा-वीस. तेराव्या शतकात राजा नववा लुई यानं तीनशे अंधांसाठी ते सुरू केलं, १५ गुणिले २० बरोबर ३००, आणि आजही ते त्याच नावानं चालू आहे. बाकीची वीस-मोजणी हळूहळू गेली, ऐंशी आणि नव्वदात राहिली.

तर आम्हा दोघींना वाटलं की हे गणित डोक्यात पटकन होत नाही, एवढीच अडचण आहे. इथे माझं चुकलं.

कोणते पर्याय होते

त्या रात्री आम्ही बसून चार गोष्टींचा विचार केला.

एक म्हणजे समोरच्याला एकेक आकडा सुटा सांगायला सांगायचं. हे करता येतं, लोक सांगतातही. पण नाताळच्या गर्दीत पन्नास लोकांना तसं सांगायला लावणं तिला अवघड वाटलं आणि कित्येक वयस्कर लोक दोन आकडे सुटे सांगून परत जोडीवर येतात, सवयच ती.

दुसरं तिनंच वाचून काढलं होतं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत असे सरळ शब्द आहेत, आणि स्वित्झर्लंडच्या व्हो, व्हाले, फ्रिबूर या भागांत ऐंशीलाही वीताँत म्हणतात. लिऑनहून जिनिव्हा ट्रेननं दोनेक तासांवर. मग हेच शब्द वापरले तर? वापरता येतील, फ्रान्समध्ये समजतातही. पण तिची अडचण बोलण्याची नव्हती, ऐकण्याची होती, आणि लिऑनचं गिऱ्हाईक कात्र-व्हँच म्हणणार. म्हणून ते सोडलं.

तिसरा पर्याय, फोनचं काम विसरून जायचं. याला ती तयार नव्हती आणि मला ते फार आवडलं.

चौथा मी सुचवला, की गणित पक्कं करायचं. कार्डं करायची, चार गुणिले वीस अधिक अकरा, चार गुणिले वीस अधिक बारा, आणि वेग वाढवायचा. आम्ही हा घेतला. जवळजवळ दोन आठवडे ती रोज रात्री हे करत होती. कार्डांवर तिचा वेग खरंच वाढला, आणि फोनवर काहीही फरक पडला नाही, कारण फोनवरचा माणूस तुमची बेरीज होईपर्यंत थांबत नाही, तुम्ही ९८ काढेपर्यंत तो पुढच्या जोडीवर गेलेला असतो.

गालेत आणि आजी

जानेवारीत दोन गोष्टी झाल्या.

पहिली, गालेत. सहा जानेवारीच्या सणाला तिकडे बदामाचं सारण भरलेली गोल गालेत खातात, आणि ती चार, सहा, आठ, दहा जणांची अशी मागतात. गर्दीत एकदा फोन तिनंच उचलला. समोरून आलं "दी पेर्सोन", हिनं ऐकलं "सी पेर्सोन". दहा जणांच्या जागी सहा जणांची गालेत झाली. आता यात गणित कुठे आहे? दहा आणि सहा, पहिल्या दिवशी शिकलेले आकडे! सुटे म्हटले तर सीस आणि दीस, पुढे व्यंजन आलं की सी आणि दी, पुढे स्वर आला की सीझ आणि दीझ. फोनच्या खरखरीत स आणि द मधला फरक तिला ऐकूच आला नाही. हे तिनं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा थबकले.

दुसरी गोष्ट त्याच रविवारी. मेघा व्हिडिओ कॉलवर घरी बोलत होती आणि आईला आपली कैफियत सांगत होती, की इथे अठ्ठ्याण्णवला चार वीस अठरा म्हणतात. मागे आजी बसली होती. आजी आयुष्यभर गोवऱ्या, कडब्याच्या पेंढ्या, सगळं विसावर मोजत आलेली. ती तिथूनच म्हणाली, "चार इसा अन् अठरा? अठ्ठ्यान्नव की गं. त्यात काय एवढं?"

मेघानं मला हे हसत सांगितलं, पण मी वही उघडली. आजीनं गुणाकार केला नव्हता. आजीला चार विसा अठरा हे अठ्ठ्याण्णवचं दुसरं नाव होतं, ऐकलं की आकडाच समोर. आपणही अठ्ठ्याण्णव म्हणताना आठ अधिक नव्वद करत नाही. मराठीत एक ते शंभर जवळजवळ प्रत्येक आकड्याला वेगळं नाव आहे, एकोणसाठ, त्रेसष्ट, शहात्तर, पंच्याऐंशी, आणि हे सगळं आपण लहानपणी नुसतं ऐकून आणि म्हणून शिकलो, फोड करून नाही.

अजून एक गोष्ट तेव्हा लक्षात आली आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. मराठीत "शहात्तर" ऐकलं की आधी कानावर सहा येतो आणि मग सत्तर, पण लिहिताना आपण आधी ७ लिहितो. म्हणजे मराठी माणूस जोडी पूर्ण ऐकेपर्यंत पेन थांबवतो, नकळत. इंग्रजीत सेव्हंटी ऐकलं की लगेच ७ लिहून टाकता येतो. मेघा पाचवीपासून नंबर इंग्रजीतच लिहीत आलेली, त्यामुळे ऐकलं की लिहिलं ही सवय. फ्रेंचमध्ये स्वासाँत ऐकून लगेच ६ लिहिला की फसलात, कारण पुढे सेझ आला तर ते ७६ असतं. चिठ्ठीवरचा सगळा घोळ हाच होता.

(२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. लहान मुलांना काय सोपं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं आहे. पण जोडाक्षरांनी भरलेल्या जुन्या नावांनी या मुलीच्या कानाला जे वळण चौथीपर्यंत लावलं होतं ते इथे कामाला आलं, एवढं मी बघितलंय.)

मग काय केलं

गणिताची कार्डं बंद केली. नवीन सगळं कानानं.

आधी मी साठ ते नव्व्याण्णव कागदावर मांडून बघितलं. चाळीस आकडे, पण सुरुवाती दोनच, स्वासाँत नाहीतर कात्र-व्हँ. प्रत्येकीला जोडायची शेपटं तीच ती, एक ते एकोणीस. म्हणजे ६२ आणि ७२ मध्ये फरक द आणि दूझ एवढाच. ६३ आणि ७३ मध्ये त्र्वा आणि त्रेझ, ८६ आणि ९६ मध्ये सीस आणि सेझ. अडचण सत्तर-नव्वदात नव्हतीच, ती अकरा ते सोळात होती, जे आपण पहिल्या आठवड्यात उरकून टाकतो!

आणि या सहा आकड्यांकडे नीट बघा: ओंझ, दूझ, त्रेझ, कातोर्झ, कँझ, सेझ. सगळ्यांच्या शेवटी झ. फोन नंबरमध्ये जोडीच्या शेवटी झ वाजला की ती सत्तरीतली किंवा नव्वदीतली जोडी (अर्थात अकरा ते सोळा सुटे आले असतील तर ते सोडून). शेपटाच्या सुरुवातीला दी वाजला तरी तेच, दीस, दीसेत, दीझ्वीत, दीझनफ, म्हणजे ७०, ७७, ७८, ७९ किंवा ९०, ९७, ९८, ९९. यातलं काही नाही वाजलं तर साठ किंवा ऐंशी. हे मी तिला सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्पच बसली, मग म्हणाली, "मॅडम, हे आधी का नाही सांगितलं?" तिचं बरोबर होतं.

एक सावधगिरी लगेच सांगितली. किंमत आणि वेळ सांगताना हा नियम पाळू नकोस, कारण पुढे स्वर आला की साध्या दोनालाही झ चिकटतो. दोन वाजता म्हणजे "दझर", बारा वाजता म्हणजे "दूझर". सहा वाजता "सीझर", सोळा वाजता, म्हणजे दुपारी चार, "सेझर". इथे झ सगळीकडेच आहे, तिथे आधीचा स्वर ऐकायचा.

मग सराव. बेकरीतल्या एका सहकारी मुलीनं मोबाइलवर शंभरेक जोड्या उलटसुलट रेकॉर्ड करून दिल्या, मागे ओव्हनच्या पंख्याचा आवाज तसाच ठेवून, आणि तो आवाज फार उपयोगी पडला, कारण स्टुडिओतला स्वच्छ आवाज फोनवर कधी मिळत नाही. मेघा रोज ट्राममध्ये दहा मिनिटं ऐकायची. नियम एकच: पेन टेबलावर, जोडी संपून समोरचा थांबला की उचलायचं. फ्रेंच माणूस प्रत्येक जोडीनंतर क्षणभर थांबतोच, ती जागा लिहिण्यासाठी आहे. मनात आकडा मराठीत म्हणायचा, शहात्तर, अठ्ठ्याण्णव, आणि मग लिहायचं. इंग्रजीत म्हणायचा नाही. हे तिला पहिले काही दिवस जड गेलं, तिची नव्वदीतली मराठी नावं गंजली होती, आजीकडून परत म्हणून घेतली.

रस्त्यावर गाड्यांच्या नंबरप्लेट होत्याच. फ्रान्समध्ये प्लेटच्या उजव्या टोकाला जिल्ह्याचा, म्हणजे तिकडच्या देपार्तमाँचा, नंबर असतो. लिऑनमध्ये ६९ सगळीकडे, पण आजूबाजूचे ७१, ७३, ७४ पण भरपूर दिसतात, आणि पॅरिसकडून आलेल्या गाड्या म्हणजे ७५, ७७, ७८, ९१ ते ९५. ती चालताना त्या पुटपुटायची. हे मात्र डोळ्यांनी बघून बोलणं झालं, ऐकणं नाही, त्यामुळे उपयोग मर्यादितच, पण जीभ सुटली.

आणि रविवारी तंबोला! आपल्याकडे खेळतात तोच, नव्वदपर्यंतचे आकडे, तिकडेही असा खेळ आहे, लोतो म्हणतात. रूममेट आणि ती सहकारी मुलगी, आकडे फ्रेंचमध्ये पुकारायचे. ९१ ते ९९ त्यात येत नाहीत म्हणून त्यांच्या नऊ चिठ्ठ्या आम्ही वेगळ्या घातल्या.

शेवटचं, नंबर परत वाचून दाखवणं. "ज रेपेत", म्हणजे मी परत म्हणते, असं म्हणून पाचही जोड्या सावकाश. हे ती टाळत होती, आपला उच्चार चुकेल म्हणून. मी तिला म्हटलं, चुकू दे, समोरचा सुधारेल, त्यासाठीच तर वाचायचं.

निकाल

जानेवारीच्या मध्याला मी तिला वीस नंबर सांगितले होते, पूर्ण बरोबर आले सात. फेब्रुवारीच्या शेवटी परत वीस, त्यातले अठरा बरोबर. चुकलेल्या दोन्हींत सीस आणि दीसचीच भानगड, ६६ ला ७० आणि ९० ला ८६. तिथे झ मदतीला येत नाही, आणि फोनवर ते अजूनही तिला परत विचारावं लागतं.

एक चूक ऐकण्याची नव्हतीच, ती पण नोंदवते. बरोबर लिहिलेला एक नंबर दुकानात चुकीचा वाचला गेला, कारण फ्रेंच लोक १ ला वर लांब शेंडी काढतात आणि ७ ला मधोमध आडवी रेघ मारतात. मेघाचा बिनरेघेचा ७ त्यांना १ वाटला. तेव्हापासून ती रेघ मारते.

मार्चमध्ये तिनं स्वतःहून मालकीणबाईंना सांगितलं की मला एक आठवडा फोन द्या, चिठ्ठ्या तुम्ही तपासा. त्यांनी दिला. ईस्टरच्या ऑर्डरी तिनंच घेतल्या आणि सकाळची शिफ्ट परत मिळाली.

परत करायचं झालं तर

गणिताची कार्डं मी देणार नाही. कात्र-व्हँ-दीस म्हणजे चार विसा दहा हे एकदा सांगावं, मुलांना ते आवडतं आणि भीती जाते, पण सांगून पुढे जावं, सरावात आणू नये. मेघाचे दोन आठवडे माझ्या त्या सल्ल्यात गेले आणि त्याच दिवसांत तिचे तास कापले गेले होते, याचं मला वाईट वाटतं.

एक ते शंभर क्रमानं म्हणता येणं म्हणजे आकडे येणं नाही, हे मला शिक्षक म्हणून आधी कळायला हवं होतं. आता मी क्रमानं म्हणून घेते ते फक्त पहिल्या तासाला. दुसऱ्या तासापासून उलटसुलट, आणि बघून नाही, ऐकून लिहायचं.

अकरा ते सोळावर मी आता पूर्ण आठवडा घालवते. द-दूझ, त्र्वा-त्रेझ, कात्र-कातोर्झ, सँक-कँझ, सीस-सेझ अशा जोड्या, आणि सीस-दीस वेगळी, तिला जास्त वेळ. मुलांना कंटाळा येतो, एकानं विचारलं पण की मॅडम साठच्या पुढे कधी जायचं. मी त्याला ७२ आणि ६२ फोनवरून सांगितले, स्पीकरला हात लावून. दोन्ही वेळा त्यानं ६२ लिहिलं.